शेठ प्रेमचंद रायचंद आणि बॅक बेचा भराव

मुंबईच्या फोर्ट भागात, विद्यापीठाच्या आवारात उभा असलेला राजाबाई टॉवर पाहिला नाही असा जैन बांधव विरळाच. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या मातोश्रींच्या नावाने हा मनोरा उभारण्यासाठी दोन लाख रुपये दिले, हे पाठशाळेतील मुलांनाही ठाऊक असते. राजाबाईंची दृष्टी उतारवयात गेली होती आणि सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याचा नियम त्यांना कोणाला न विचारता पाळता यावा, म्हणून पुत्राने घड्याळाच्या टोलांची ही सोय केली, अशी आख्यायिका आपल्या घराघरांत सांगितली जाते. आख्यायिका गोड आहे आणि ती तशीच राहावी. परंतु ज्या वर्षी या देणगीचा शब्द दिला गेला, त्याच वर्षी त्याच दात्याच्या नावावर मुंबईच्या समुद्रातून जमीन काढण्याचा एक प्रचंड व्यवहार चालू होता आणि पुढच्याच वर्षी त्या व्यवहाराने मुंबईची पत धुळीस मिळवली. शेठजींची चरित्रे लिहिताना येथे पान घाईने उलटले जाते. व्यापारी समाजाला मात्र खतावणीची एकच बाजू वाचून चालत नाही.

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ साली सुरत येथे एका ओसवाल जैन कुटुंबात झाला. वडील रायचंद दीपचंद व्यापारी होते. सुरतेचे वैभव तोपर्यंत ओसरले होते. तेथील बंदराचा व्यापार मुंबईने ओढून घेतला होता आणि त्याच्यामागोमाग सुरतेची कर्तबगार घराणीही मुंबईस येत होती. रायचंदभाईही त्यांपैकीच. प्रेमचंद यांचे शिक्षण मुंबईत झाले आणि त्यांनी इंग्रजी उत्तम आत्मसात केली. इंग्रजी लिहू-बोलू शकणारा पहिला देशी शेअर दलाल म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १८४९ च्या सुमारास, म्हणजे अठराव्या वर्षी, ते दलालीच्या धंद्यात शिरले.

त्या काळी दलालाचे भांडवल म्हणजे बातमी. लिव्हरपूलच्या कापसाचे भाव टपालाच्या जहाजाने येत. जहाज बंदरात लागून टपाल वाटले जाईपर्यंत सगळा बाजार ताटकळत बसे. प्रेमचंद लहान होड्या पाठवून जहाज बंदरात येण्याआधीच भाव मिळवीत, असे सांगितले जाते. स्मरणशक्ती अशी की शेकडो सौदे तोंडपाठ. राहणी साधी, बोलणे मृदू, दिलेला शब्द पाळण्याची ख्याती मोठी. इंग्रज पेढ्या आणि देशी व्यापारी यांच्यामध्ये उभा राहून दोघांचाही विश्वास संपादन करणारा असा माणूस मुंबईत दुसरा नव्हता. तिशी गाठेपर्यंत ते कापूस, सराफी आणि शेअर या तिन्ही बाजारांत अग्रेसर झाले.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेकडील राज्यांच्या बंदरांची कोंडी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. सगळी मागणी भारताकडे वळली. पश्चिम भारताचा कापूस निघत असे तो मुंबईहून. भाव कित्येक पटींनी चढले. गाद्यांमधला जुना कापूस काढून विकल्याच्या कथा त्या दिवसांच्याच. युद्धाच्या काळात मुंबईला कापसाच्या नेहमीच्या उत्पन्नापेक्षा सुमारे ८ कोटी १० लाख पौंड अधिक मिळाले, असा हिशेब इतिहासकार देतात. एवढा पैसा चार वर्षांत एका शहरात आला. मुंबईत तेव्हा कापडगिरण्या थोड्या होत्या आणि रेल्वेचे भांडवल विलायतेतून येत होते. मग या पैशाने राहावे कोठे? तो जमिनीकडे वळला आणि मुंबईत जमीन नव्हती.

जमीन नव्हती म्हणजे समुद्र होता. मुंबई हे मुळात सात बेटांचे शहर. अठराव्या शतकात गव्हर्नर हॉर्नबी यांच्या बांधाने वरळीची खिंड बुजली आणि १८३८ साली कुलाब्याचा रस्ता झाला. या कामांनंतर आजूबाजूच्या जमिनीला जो भाव आला, तो व्यापाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. पूर्व किनाऱ्यावर, धक्क्यांच्या बाजूस, एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने भरावाचे काम चालविलेच होते. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली. शहर मोकळे झाले आणि नव्या जागेची भूक वाढली. अशा वेळी मलबार टेकडीपासून कुलाब्यापर्यंतच्या पश्चिमेकडील अर्धवर्तुळाकार उपसागरात, म्हणजे बॅक बेमध्ये, भराव घालण्याची योजना पुढे आली. बॉम्बे बडोदा रेल्वेला दक्षिणेकडे येण्यासाठी किनाऱ्याने पट्टी हवी होती. ती देऊन उरलेली जमीन कंपनीने विकावी, अशी मूळ कल्पना. कल्पना खोटी नव्हती. आज त्या बाजूस उभी असलेली मुंबई पाहता तिला वेडेपणा म्हणता येणार नाही.

बॅक बे रेक्लमेशन कंपनीमागील सर्वांत मोठी शक्ती प्रेमचंद शेठ यांची होती. कंपनीच्या शेअरची दर्शनी किंमत ५,००० रुपये होती. त्या काळात ही रक्कम मध्यम घराच्या आवाक्याबाहेरची. मुंबई सरकारला स्वतः ४०० शेअर घ्यावयाचे होते, परंतु कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने त्यास अनुमती दिली नाही. तेव्हा ते ४०० शेअर लिलावाने विकण्यात आले. दर्शनी किमतीने २० लाखांचा तो माल, त्याचे एक कोटीहून अधिक रुपये आले! ज्या दिवशी ही बातमी बाजारात फुटली, त्या दिवसापासून मुंबईत समुद्र हा शब्द भाव सांगितल्याशिवाय उच्चारला जाईना. पुढे हा शेअर ५०,००० रुपयांच्याही वर गेला.

येथे थोडे थांबून समुद्रातील भरावाचा व्यवहार असतो कसा, हे पाहिले पाहिजे. प्रथम दगडी बांध पाण्यात घालावा लागतो. मग बांधाच्या आत मुरूम आणि माती टाकीत जावे लागते. ती माती दबते, आणखी टाकावी लागते. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या लाटांचा मार थेट बसतो. पावसाळ्यात काम बंद असते, व्याज मात्र चालू असते. जमीन वर आल्यावर ती मुरावी लागते, तीवर रस्ते आणि गटारे करावी लागतात आणि त्यानंतर गिऱ्हाईक येते. म्हणजे पहिली काही वर्षे केवळ जावक आणि आवक शून्य. असा धंदा ज्याच्याजवळ दहा-पंधरा वर्षे परत न मागितला जाणारा पैसा आहे, त्यानेच करावा. पूर्व किनाऱ्याच्या कंपनीला निदान धक्के, वखारी आणि मालाची चढउतार यांचे उत्पन्न काम चालू असतानाच मिळू शकत होते. बॅक बेला बंदर नव्हते. तिच्याकडे विकण्यास एकच वस्तू होती, ती म्हणजे अजून पाण्याखाली असलेली जमीन.

आणि या दीर्घ मुदतीच्या कामाखाली जो पैसा होता, तो अत्यंत अल्प मुदतीचा होता. शेअर घेणारे बहुतेक लोक तो ठेवण्यासाठी घेत नव्हतेच. ते वायद्याने घेत आणि वायदा पिकण्यापूर्वी विकून फरक खिशात घालीत. १ जुलै १८६५ ही अशा असंख्य वायद्यांची ठरलेली तारीख होती. ज्यांना प्रत्यक्ष पैसे भरावयाचे होते ते शेअरच तारण ठेवून कर्ज काढीत. कर्ज देण्यासाठी नव्या बँका आणि वित्तसंस्था निघाल्या आणि त्यांचेही शेअर निघाले. त्या शेअरवर पुन्हा कर्ज मिळू लागले. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ जमीन कंपन्या असल्याची नोंद आहे. प्रेमचंद शेठ यांनी पुढाकार घेतलेली एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन बॅक बे कंपनीच्या पाठीशी होती. भाव वाढला की तारणाची किंमत वाढे, तारणाची किंमत वाढली की कर्ज वाढे आणि त्या कर्जाने पुन्हा तोच शेअर घेतला जाई. हे रहाटगाडगे फिरत होते तोवर प्रत्येकाच्या वहीत नफा दिसत होता. समुद्रात पडलेल्या दगडांचा मात्र या नफ्याशी फारसा संबंध उरला नव्हता.

त्यात एक दोष असा होता की जो नव्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. व्यापारी आपला माल दोन-चार ठिकाणी विभागून ठेवतो, तो एक बुडाला तर दुसरा तरावा म्हणून. मुंबईतही वरकरणी तसेच दिसत होते. कोणाकडे बँकेचे शेअर, कोणाकडे जमीन कंपनीचे, कोणाकडे विमा किंवा जहाज कंपनीचे. परंतु या सर्वांचे मूळ एकच होते, ते म्हणजे कापसाचा भाव. कापूस उतरला तर कर्जदाराचे उत्पन्न बुडणार, तारणाचा भाव बुडणार, भरावाच्या जमिनीचे गिऱ्हाईक बुडणार आणि कर्ज देणारी बँकही बुडणार, हे सर्व एकाच आठवड्यात होणार. आणि कापसाचा तो भाव समुद्रापलीकडच्या एका युद्धावर टांगलेला होता. युद्ध कधीतरी थांबणारच, हे त्या बाजारात कोणाला कळत नव्हते असे नाही. आपण त्याच्या आदल्या दिवशी बाहेर पडू, असे प्रत्येकाला वाटत होते.

भरावाची गोष्ट निघाली म्हणजे आपल्या समाजाला दुसऱ्या एका भरावाची आठवण होणे स्वाभाविक आहे. मुंबईचेच शेठ मोतीशा यांनी शत्रुंजयावर दोन शिखरांमधील कुंतासरची खोल दरी भरून काढली आणि त्या भरावावर आपली टूंक बांधविली. त्या कामाची जोखीम लहान नव्हती आणि ते पुरे झालेले पाहण्यास मोतीशा शेठ हयातही नव्हते. प्रतिष्ठा त्यांच्या पुत्राच्या हस्ते झाली. परंतु तेथे कोणाची ठेव गुंतलेली नव्हती. दरीत पडलेला प्रत्येक दगड शेठांच्या स्वतःच्या पैशाचा होता. उशीर झाला तर झाला, सावकार दारात येणार नव्हता.

बॅक बेच्या व्यवहारात ठेव गुंतली ती बँक ऑफ बॉम्बेची. १८४० साली स्थापन झालेल्या या बँकेत सरकारचाही हिस्सा होता. त्यामुळे तिचा शेअर म्हणजे जवळजवळ सरकारी रोखा, अशी लोकांची समजूत होती. जुन्या सनदेप्रमाणे या बँकेला कंपन्यांच्या शेअरवर कर्ज देण्यास मनाई होती. १८६३ च्या नव्या कायद्याने ही मनाई उठली. भांडवलही वाढवीत वाढवीत २ कोटी ९ लाखांवर नेण्यात आले. बँकेचे सचिव जेम्स ब्लेअर यांच्यावर प्रेमचंद शेठ यांचा प्रभाव एवढा होता की शेठजींची चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसास कर्ज मिळण्यास अडचण पडत नसे. पुढे पुढे तारण नसतानाही केवळ वचनचिठ्ठीवर रकमा दिल्या गेल्या. आपल्या संस्थांच्या विश्वस्तांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे ३५ वे कलम चांगले परिचित असते. विश्वस्तनिधी ठरावीक सुरक्षित ठिकाणीच गुंतवावा, हे बंधन कधीकधी जाचक वाटते आणि बाहेर चार पैसे अधिक मिळत असल्याचे सभेत कोणीतरी सांगतोच. बँक ऑफ बॉम्बेच्या सनदेतून १८६३ साली वगळले गेले ते याच जातीचे बंधन होते.

बाजार शिगेला होता तेव्हा, म्हणजे १८६४ साली, प्रेमचंद शेठ तेहतीस वर्षांचे होते. त्यांच्या भायखळ्याच्या प्रेमोद्यान बंगल्यावर सकाळपासून रीघ लागे. नव्या कंपनीचे शेअर दर्शनी किमतीने मिळणे म्हणजे बसल्या जागी रोकड मिळणे. ते शेअर कोणाला द्यावयाचे हे बहुधा शेठजींच्या शब्दावर ठरे. गोरे साहेब, देशी शेठिये, वकील, कारकून सारेच रांगेत. त्यांनी स्वतःसाठी जेवढे मिळविले त्याहून अधिक लोकांना मिळवून दिले, अशी त्यांच्याविषयी समजूत होती. याच वर्षी त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि त्यानंतर मनोऱ्यासाठी दोन लाख देऊ केले. परिग्रहाला स्वतःहून मर्यादा घालून घेण्याचे व्रत श्रावकाच्या बारा व्रतांत आहे. दानाचा हात एवढा मोकळा असलेल्या या पुरुषाने व्यवहाराच्या हाताला तशी मर्यादा घातली असती, तर मुंबईचा इतिहास थोडा निराळा झाला असता. परंतु तसे घडले नाही. ज्याच्या हाती सर्वांचे दोर येतात, त्याला आपला दोर सोडून देणे अवघड होत असावे.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली यांनी शरणागती पत्करली. युद्ध संपल्याची बातमी मुंबईत पोहोचली आणि कापूस कोसळला. मे महिन्यात बेहरामजी होरमसजी कामा यांची पेढी बुडाली. एक मोठी पेढी गेली की तिच्या हुंड्या धरून बसलेल्या दहा पेढ्या डळमळतात. १ जुलै उजाडला तेव्हा वायद्याचा माल घेण्यास पैसे कोणाकडेच नव्हते. जो तो देणेकरी आणि जो तो घेणेकरी. बॅक बेचा जो शेअर ५०,००० रुपयांच्या वर गेला होता, तो २,००० रुपयांच्याही खाली आला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो ८७ रुपयांवर उतरला. न्यायालयांना हा भार पेलणे शक्य नव्हते, म्हणून दिवाळखोरीच्या व्यवस्थेसाठी सरकारला १८६५ चा २८ वा कायदा खास मुंबईकरिता करावा लागला.

तरीही बँकेने एक चूक केली ती या पडझडीनंतर. बुडत्या कर्जदारांना, त्यांत प्रेमचंद शेठही आले, सावरण्याच्या आशेने आणखी पैसे देण्यात आले. बुडीत खाते जिवंत दाखविण्यासाठी त्यात नवी रक्कम घालण्याची ही खोड आजच्या बँकव्यवहारातही अनोळखी नाही. मे १८६६ मध्ये लंडनची ओव्हरेंड गर्नी ही मातबर पेढी बुडाली आणि मदतीचा तिकडचा मार्गही बंद झाला. त्याच वर्षी एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशन बंद पडली आणि प्रेमचंद शेठही कोसळले. जुनी बँक ऑफ बॉम्बे गुंडाळली गेली आणि १८६८ साली त्याच नावाची नवी बँक उभी करावी लागली. तीच पुढे १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत आणि तेथून १९५५ मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली. जुन्या बँकेच्या २ कोटी ९ लाखांच्या भांडवलापैकी बहुतेक सर्व गेले. सरकारी छत्र आहे म्हणून निर्धास्तपणे ते शेअर धरून बसलेल्यांनी बॅक बेच्या शेअरचे तोंडही पाहिले नसेल, पण भरावाची किंमत त्यांनीही भरली. प्रेमचंद शेठ यांच्या चरित्रातील सर्वांत जड नोंद हीच आहे आणि दानाच्या यादीने ती पुसली जात नाही.

सरकारने १८६८ साली सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. प्रेमचंद शेठ आयोगापुढे साक्षीस उभे राहिले. आयोगाने १८६३ च्या कायद्यातील सैलपणा, सचिवांचा दुबळेपणा आणि गैरवर्तन, संचालकांची बेपर्वाई आणि तो काळच विलक्षण असणे या गोष्टींकडे बोट दाखविले. दोष एका दलालाचा नव्हता, हे खरे. तरीही ज्या संचालकांनी डोळे मिटून सह्या केल्या त्यांची नावे आज कोणास आठवत नाहीत आणि प्रेमचंद शेठ यांचे नाव मात्र बॅक बेशी कायमचे जोडले गेले. दिनशा वाच्छा यांनी तारुण्यात हा सर्व काळ डोळ्यांनी पाहिला होता. १९१० साली त्यांनी या प्रकरणावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, त्यातही शेठजी मध्यवर्ती आहेत.

पुढचे वर्तमान मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. पस्तिशीत सर्वस्व गमावलेला हा पुरुष मुंबई सोडून गेला नाही. अनेक जण सुरतेस, काठियावाडास, कच्छला निघून गेले. प्रेमचंद शेठ त्याच बाजारात परत आले आणि पुन्हा दलाली करू लागले. एके काळी ज्यांना त्यांनी शेअर वाटले होते, त्यांच्या दारी कापसाचा नमुना घेऊन जाणे सोपे नव्हते. पूर्वीची गादी पुन्हा मिळाली नाही, परंतु पत हळूहळू परत आली. १८७५ साली देशी शेअर दलालांनी आपली संघटना स्थापन केली, तिच्या संस्थापकांत ते अग्रभागी होते. टाऊन हॉलसमोरच्या झाडाखाली उभे राहून सौदे करणाऱ्या दलालांना दलाल स्ट्रीटवर जागा मिळाली आणि आजचा मुंबई शेअर बाजार त्या संघटनेतून वाढला. ज्याच्या काळात बाजाराला नियम नव्हते, त्यानेच बाजाराला संस्था देण्यात हातभार लावावा, यामागे अनुभवाची किंमत मोजलेली होती.

देणग्यांचे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. विद्यापीठाला दिलेल्या चार लाखांवर बाजाराच्या पडझडीचा परिणाम झाला नाही. मनोऱ्याची कोनशिला १ मार्च १८६९ रोजी बसली, म्हणजे दात्याचे दिवाळे निघाल्यावर तीन वर्षांनी. विलायतेतील शिल्पकार सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्याप्रमाणे सुमारे २८० फूट उंचीचे हे काम नोव्हेंबर १८७८ मध्ये पुरे झाले. कलकत्ता विद्यापीठात १८६६ साली त्यांच्या दोन लाखांच्या देणगीतून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली. बंगालमध्ये विद्वत्तेची ती कसोटी ठरली. आशुतोष मुखर्जी, जदुनाथ सरकार आणि रमेशचंद्र मजुमदार हे तिचे मानकरी. मराठ्यांच्या इतिहासासाठी आयुष्य वेचणाऱ्या जदुनाथांना उमेदीच्या काळात एका सुरती जैन दलालाच्या पैशाचा आधार मिळाला, हा योग मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. अहमदाबादेतही शिक्षकांसाठीचे अध्यापन विद्यालय त्यांच्या नावाने चालले.

आणि समुद्राचे? बॅक बे कंपनी गुंडाळली गेली तेव्हा किनाऱ्यालगतची एक अरुंद पट्टीच काय ती वर आली होती. तिच्यावरून रेल्वेचा रूळ कुलाब्याकडे गेला. पूर्व किनाऱ्यावर एल्फिन्स्टन कंपनीचा भराव प्रत्यक्ष उभा होता, म्हणून १८७० च्या सुमारास सरकारने तो विकत घेतला आणि १८७३ साली स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टकडे तो गेला. बॅक बेचे अपुरे काम गव्हर्नर लॉइड यांच्या काळात, १९२० नंतर, सरकारने स्वतः हाती घेतले. या वेळी शेअरचा सट्टा नव्हता, तरी अंदाजपत्रक फुगत गेले, उपसलेला गाळ बांधाच्या फटींतून समुद्रात परत जाऊ लागला आणि वीर नरिमन यांनी या कारभारावर टीकेची झोड उठविली. १९२६ साली चौकशी समिती बसली. ११४५ एकरांच्या योजनेपैकी सुमारे ४४० एकर जमीन पुरी झाली. समुद्राचा हिशेब मांडण्यात दलाल चुकला होता, तसे सरकारही चुकले.

शेठ प्रेमचंद रायचंद ३१ ऑगस्ट १९०६ रोजी निवर्तले. त्यांचे पुत्र सर किकाभाई प्रेमचंद यांनीही मुंबईच्या अर्थव्यवहारात मान मिळविला. भायखळ्याच्या प्रेमोद्यानात पुढे मुलींची शाळा आणि अनाथाश्रम आला. राजाबाई टॉवरचा जीर्णोद्धार २०१५ साली पूर्ण झाला. ओव्हल मैदानाच्या पूर्वेस हा मनोरा आणि पश्चिमेस, बॅक बेच्या भरावातून अखेर वर आलेल्या जमिनीवर, १९३० च्या दशकातील इमारतींची रांग आहे. २०१८ साली युनेस्कोने या दोन्ही बाजू एकाच जागतिक वारसा स्थळात समाविष्ट केल्या.